आधी पंखा बदला, मग पॅनेल बसवा

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॉटच्या सौर संचाला 78 हजार रुपयांचे अनुदान मिळते. हे स्वागतार्हच आहे. पण वीज कुठे वाया जाते हे न पाहता छतावर पॅनेल चढवणे म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून मोठा पंप बसवणे. साधा छतपंखा सुमारे 75 वॉट खातो, ब्रशविरहित मोटरचा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. घरात 4 पंखे रोज 15 तास फिरत असतील, तर नुसते ते बदलून दिवसाला पावणेतीन युनिट वाचतात. आपल्याकडे 1 किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण 4 युनिट देते, हे लक्षात घेतले की या बचतीचे मोल कळते. गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली केली, की एसीचाही भार हलका होतो.

अनुदान आहे, तर मोठाच संच का नको, असे विचारले जाते. नेट मीटरिंगमुळे जादा वीज खात्यावर जमा होते, हे खरे. पण विदर्भात मे महिन्याच्या रात्री कूलर-एसी चालतात तेव्हा सूर्य नसतो. तेव्हा वापरलेली वीज मुख्यतः कोळशाचीच असते. शिवाय पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत एकच गच्ची अनेक घरांत वाटायची असते. बीएलडीसी पंखा महाग पडतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. भाडेकरूला तर हा खर्च जास्तच जाचतो. उजाला योजनेतल्या घाऊक खरेदीने एलईडी दिवे स्वस्त झाले, तसे पंख्यांचेही व्हायला हवे. सौर अनुदानाच्या अर्जासोबत घराच्या वीजवापराची तपासणी सरकारने सक्तीची करावी आणि तिचा खर्च स्वतः उचलावा.