मुद्रांक शुल्क सरकारचं, भोगवटा तुमचा!

दुय्यम निबंधकाकडे अंगठा दिला, फोटो निघाला, पेढे वाटले की घर आपलं झालं, असं आपण सगळेच धरून चालतो. अहो, तिथं दस्त नोंदवला जातो, मालकी नव्हे! विकणारा खरा मालक आहे का, हे तपासणं निबंधकाचं काम नाही. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. सातबाऱ्याची गतही तीच, फेरफारानं मालकी सिद्ध होत नाही. मग ३० लाखांच्या फ्लॅटवर ३० हजार नोंदणी फी आणि वर लाखाच्या पुढे मुद्रांक शुल्क घेता ते कशाचं?

उद्या जमीनमालकाच्या बहिणी उभ्या राहिल्या, त्यांचं हक्कसोडपत्र झालंच नव्हतं, तर? कुलमुखत्यारपत्र देणारा विक्रीआधीच वारलेला निघाला, तर? बँकेच्या वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट बँकेच्या सोयीचा. तुम्ही कोर्टात खेटे घाला आणि हप्तेही भरा. राहता राहिली आमच्याच पेपरात मुंगीएवढ्या अक्षरांत छापून येणारी ‘जाहीर नोटीस’. सासरी दोनशे किलोमीटरवर नांदणारी बहीण ती वाचणार कशी?

याच खड्ड्यासाठी टायटल इन्शुरन्स असतो. हप्ता एकदाच. मागचा दडलेला दोष पुढे निघाला तर कोर्टखर्च आणि नुकसान पॉलिसीच्या मर्यादेत कंपनी सोसते. आधीच माहीत असलेली भानगड मात्र ती झाकत नाही, आणि ते बरंच आहे.

हे काही माझ्या मनातलं नाही. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १६ वाचा. जमिनीच्या टायटलचा विमा बिल्डरनं काढायचा आणि विक्री करार होताच त्याचा लाभ ग्राहकाकडे जायचा. पण ‘सरकार अधिसूचित करेल त्याप्रमाणे’ ही पाचर मारून ठेवली आहे! कलम १८ म्हणतं, सदोष टायटलची भरपाई बिल्डरनं द्यावी, त्याला मुदतीचं बंधन नाही. छान. पण त्यानं फर्मच गुंडाळली तर वसुली कुणाकडून? शिवाय आपल्या गावात निम्म्या स्कीमा आठ फ्लॅटच्या आतल्या. त्यांना तर रेराची नोंदणीही लागत नाही.

आमदारसाहेब, अधिवेशनात एवढंच विचारा: कलम १६ खाली टायटल विमा आपल्या जिल्ह्यातल्या किती प्रकल्पांनी काढलाय? आणि मंडळी, तुमच्या बिल्डरनं अशी पॉलिसी कधी दाखवली असेल, तर खाली कळवा. मी वाट बघतोय.