मुकादमापुढील संमति

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्या वाचकांस नवी नाहीं. हल्लीं ह्या नगरीचें नांव बियाण्यांबरोबर लोखंडी सळ्यांमुळेंही सर्वत्र झालें आहे. ज्या भट्टीपुढें ही सळी तयार होते, तेथें उभा राहणारा पुष्कळसा कामकरीवर्ग बिहार, उत्तरप्रदेश इत्यादि प्रांतांतून कंत्राटदारामार्फत येतो. त्याचे तास कोण मोजतो, हा आजचा प्रश्न आहे.

सप्टेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर, व तिमाहींतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याचें ठरविलें. पुढें ता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं चार श्रमसंहिता अंमलांत आल्या. त्यांपैकीं सुरक्षा व आरोग्य ह्यांविषयींच्या संहितेंत जादा कामास दुप्पट वेतन व कामकऱ्याची संमति अशा दोन अटी आहेत. दुपटीची अट १९४८ च्या कारखाने कायद्यांतही होती. संमतीचा शब्द मात्र नवा आहे, आणि ग्यानबाची मेख तेथेंच आहे!

हजेरीपत्रक ज्याच्या हातीं, त्या मुकादमानें विचारल्यावर ‘नाहीं’ कोण म्हणणार? म्हणणारास उद्यां सर्वांत तापलेल्या जागीं उभें करणें, अर्धी हजेरी मांडणें, चारचौघांत अपशब्द बोलणें, हें सर्व त्याच मुकादमाच्या हातचें असतें. १८७२ च्या करारकायद्याचें १६ वें कलम पाहावें. दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व चालविण्याजोग्या स्थितींत असलेल्या पक्षानें त्या स्थितीचा गैरफायदा घेतला, तर तो अनुचित दाब होय, व अशा दाबाखालीं दिलेली संमति स्वतंत्र मानली जात नाहीं. सावकार-कुळांच्या दाव्यांत वकिलांना परिचित असलेलें हें तत्त्व भट्टीपाशीं आलें कीं विसरलें जातें.

आमचे व्यापारी मित्र म्हणतील कीं, भट्टी एकदां पेटली म्हणजे ती घड्याळ पाहत नाहीं. खरें आहे, म्हणून तर ८ तासांच्या ३ पाळ्यांची सोय आहे. दोनच पाळ्यांत दिवसरात्र भागवून तिसऱ्या पाळीचीं माणसें वाचविणें, ह्यास भट्टीची अडचण म्हणतां येत नाहीं. बाराव्या तासास लाल लोखंडापुढें डोळा लागला तर काय होतें, हें सांगावयास पाहिजे काय?

१८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व रविवारची सुटी, दुपारचा अर्धा तास विसावा इत्यादि मागण्यांच्या अर्जावर सुमारें ५,५०० सह्या मिळविल्या. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. जालन्याच्या कामकऱ्यांनींही एकेकट्यानें मुकादमाशीं हुज्जत घालूं नये. येण्याजाण्याची वेळ व थांबविणाराचें नांव रोज वहींत टिपावें, आणि चारदहा जणांनीं मिळून मालकाकडे व कामगार कचेरीकडे लेखी अर्ज करावा, पोंच घ्यावी.

मालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, संमतीचा कागद मुकादमाच्या हातीं देऊं नये. तो कामकऱ्यास समजेल अशा भाषेंत, त्या त्या दिवसापुरता, कचेरींत लिहून घ्यावा. कोऱ्या कागदांवर आगाऊ आंगठे घेऊन ठेवण्याची जुनी सावकारी रीत येथें शिरूं देऊं नये. आणि सरकारी निरीक्षकांनीं कारखान्यांत गेल्यावर कामकऱ्यांस जें विचारावयाचें, तें मुकादमास बाहेर पाठवून विचारावें.