रोजा, साखर आणि न विचारलेला प्रश्न

"मधुमेह आहे ना, मग रोजे धरू नका." हा सल्ला देणाऱ्याला सोपा आणि ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा निरुपयोगी असतो. २००१ साली तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची 'एपिडायर' नावाची पाहणी झाली. टाइप-२ वाल्यांपैकी ७९ टक्क्यांनी, आणि इन्शुलिनवाचून ज्यांचं चालतच नाही अशा टाइप-१ वाल्यांपैकीही ४३ टक्क्यांनी रमजानात किमान पंधरा दिवस रोजे धरले होते. टाइप-२ वाल्यांमध्ये साखर गंभीर पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रकार त्या महिन्यात सुमारे साडेसातपट झाले. मनाई केली की माणूस रोजा सोडत नाही, डॉक्टरला सांगणं सोडतो.

हॉलंडात हे विशेष खटकतं, कारण इथली व्यवस्था चांगली आहे. हाउसआर्ट्सच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यातली साहाय्यिका मधुमेहींना साधारण दर तीन महिन्यांनी बोलावते. पाय तपासते, वजन घेते. पेशंट मोरोक्कन, तुर्की किंवा सुरिनामी मुस्लिम असेल तर "यंदा रोजे धरणार का?" एवढा एकच प्रश्न वाढवायचा आहे. तोही रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी, असं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची मार्गदर्शिका सांगते. पेशंटची जोखीम ठरवायला, गोळ्या बदलायला तेवढा वेळ लागतोच.

गोळ्यांचं गणित नाजूक असतं. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. पण इथे सर्रास दिली जाणारी ग्लिक्लाझाइड सहरीला नेहमीच्या डोसात घेतली आणि दिवसभर पोटात काही नाही, तर दुपारी घाम, थरथर, भ्रम! तो डोस इफ्तारकडे सरकवायचा की कमी करायचा, इन्शुलिन किती घटवायचं, हे डॉक्टरने ठरवायचं. मशिदीबाहेर मित्राला विचारून नव्हे. टाइप-१, गरोदर किंवा किडनी बिघडलेल्यांना मात्र "नको" असंच स्पष्ट सांगावं लागतं. तेही कारणासकट.

बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा मोडतो, हा समज अजून आहे. तो मोडत नाही, असं बहुतेक धर्मपंडितही सांगतात. साखर ३.९ च्या खाली गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, मग इफ्तारला दहा मिनिटं का उरली असेनात. (इथले आकडे वेगळे, १८ ने गुणलं की आपले ओळखीचे ७० येतात.) आजाऱ्याला सवलत खुद्द कुराणातच आहे. पण घरातले सगळे उपाशी असताना एकट्याने जेवायला बसणं किती जड जातं, हे सवलत दाखवणाऱ्याला कळेलच असं नाही.

रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. २०१५ साली तो जून-जुलैत होता आणि ॲम्स्टरडॅममध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळायचा. २०३० पर्यंत तो ऐन हिवाळ्यात पोचेल. दिवस छोटे, पण इफ्तारच्या ताटातली गोड पेस्ट्री आणि खजूर तेवढेच. तेव्हा साखर वर जाण्याकडेही बघावं लागेल.

आपल्या पुरोगामी मंडळींत या विषयावर "धर्मच सोडा ना" असा शेरा हमखास येतो. शेरा मारणाऱ्याच्या आईने नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेले असतात, म्हणजे निव्वळ स्टार्चवर, आणि गोळी नेहमीचीच. तिलाही कोणी विचारलेलं नसतं. दक्षिण आशियाई शरीरात मधुमेह लवकर आणि जास्त येतो. इथल्या सुरिनामी हिंदुस्तानींमध्ये तो गोऱ्या डचांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. म्हणजे हा प्रश्न 'त्यांचा' नाही.

ऑफिसातला मधुमेही सहकारी रोजे धरणार असेल तर एवढं जरूर सांगा: हाउसआर्ट्सच्या भेटीचा खर्च विम्यातल्या 'आयखन रिसिको'मधून वळता होत नाही. आधी अपॉइंटमेंट घे म्हणावं, आणि प्रश्न तिथे कोणी काढला नाही तर स्वतःच काढ.