काळोख, अंतर आणि काच

लांबच्या माणसावर रात्रीच्या वेळी नजर ठेवण्याची गरज राजेलोकांना पूर्वीपासून आहे. आता ती गृहनिर्माण सोसायट्यांनाही वाटू लागली आहे. बहिर्जी नाइकांजवळ कॅमेरा नव्हता. त्यांना वेषांतर करून जवळ जावे लागे. आजच्या गिऱ्हाइकाला जवळ जाण्याचेच तेवढे नको असते, आणि दिवाळीच्या सवलतीत दुकानदार त्याला छातीठोकपणे सांगतो, “साहेब, सव्वाशे पट झूम आहे. चंद्रावरचे खड्डे दिसतात!” दिसतात, हे अगदी खरे. पण चंद्रावर त्या वेळी लख्ख ऊन पडलेले असते, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारीत नाही.

मराठीच्या मास्तराने या भानगडीत का पडावे, असे वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. प्राध्यापकाला वेळ असतो असा समज सर्वत्र आहे, तसा तो आमच्या सोसायटीतही आहे. मागच्या आवारातल्या मोटारसायकलींतले पेट्रोल रात्री कोणीतरी काढून नेऊ लागले, तेव्हा कॅमेरा निवडण्यासाठी तिघांची उपसमिती नेमण्यात आली: सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर नाना आणि अस्मादिक.

उपसमिती बसण्याआधीच एका उत्साही सभासदाने आपल्या मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यातून गच्चीवरून एक फोटो काढून आणला होता. अंतर साठेक मीटर, वेळ रात्री दीडची, उजेड कोपऱ्यावरच्या एकुलत्या एका दिव्याचा. फोटोत एक करडा लांबट डाग होता आणि त्याला डोके असावे असे वाटत होते. सभेत तो हातोहात फिरला. एकाला त्यात पेपर टाकणारा पोऱ्या दिसला, दुसऱ्याला गाड्या पुसणारा, तिसऱ्याला वॉचमनचा भाचा. मौज अशी की, त्या डागात एकालाही ब्लॉकचा मालक दिसला नाही. पण मौजेवर भागले नाही. वॉचमनला पहिल्या तारखेपासून काढून टाकावे असा ठराव मांडला गेला आणि त्याला अनुमोदनही मिळाले. नाना उठले नसते, तर गावाकडे चार माणसे पोसणारा तो गृहस्थ एका डागापायी घरी बसला असता.

नाना म्हणाले, “ठराव मागाहून. आधी हिशेब.” आणि निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी तो मांडला. मला तो इतका पटला की, पुढचे सारे त्यांच्याच आधाराने लिहीत आहे.

मेणबत्तीपासून एक मीटरवर जो उजेड पडतो तो साधारण एक लक्स. भर दुपारचे ऊन लाखभर लक्सचे, पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास. आमच्या आवारात दिव्याखाली फार तर दहा. आपला डोळा या सगळ्याशी जुळवून घेतो, म्हणून फरक किती प्रचंड आहे हे आपल्याला जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र जेवढा प्रकाश मिळेल तेवढ्यातच संसार करावा लागतो.

तो प्रकाश आत किती येणार, हे काचेच्या रुंदीवर ठरते. भिंगावर एफ-२.८, एफ-८ असे आकडे असतात. त्यांचा अर्थ इतकाच की, भिंगाचे नाभ्यंतर त्याच्या तोंडाच्या किती पट आहे. आकडा लहान तितके भिंग उदार. मोठ्या झूमच्या छोट्या कॅमेऱ्यावर ‘३००० मिलिमीटर’ असे दिमाखाने छापलेले असते. ते मोठ्या फिल्मच्या मापाने सांगितलेले. खरे नाभ्यंतर ५४० च्या आसपास, आणि झूम पुरता ताणला की भिंग एफ-८ वर येते. जवळचे पाहताना तेच भिंग एफ-२.८ असते. म्हणजे दूरचे पाहण्यासाठी झूम ओढावा, तो प्रकाश आठव्या हिश्श्यावर येतो. शिवाय आतली प्रकाश टिपणारी पाटी, जिला सेन्सर म्हणतात, ती करंगळीच्या नखाएवढी. मोठ्या कॅमेऱ्यातली पाटी ३६ बाय २४ मिलिमीटरची, क्षेत्रफळाने जवळजवळ तीसपट.

आता दहा लक्स उजेड धरा. भिंग एफ-८. संवेदनशीलता ६४०० पर्यंत ताणली, म्हणजे चित्रावर राळे पसरल्यासारखे कण येणार हे पत्करले, तरी झडप पाव सेकंद उघडी ठेवावी लागते. माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे पाव सेकंदात पस्तीस सेंटिमीटर पुढे जातो. त्याचे नाक निघाले तेथून झडप मिटेपर्यंत वीतभराहून जास्त सरकलेले असते. त्या अवधीत उमटलेल्या लेपाला आपण चेहरा म्हणतो! “पण यात हात स्थिर ठेवण्याची यंत्रणा आहे,” असे उत्साही सभासद म्हणाले. नाना म्हणाले, “ती तुमचा हात स्थिर ठेवते, चोराचे पाय नव्हे.” तिवई आणि दुरून झडप दाबण्याची दोरी यांचेही तसेच. झाडे, इमारती, झोपलेली कुत्री यांच्यासाठी त्या हव्यातच; चालत्या माणसाला त्यांचा उपयोग नाही.

भिंग उदार घेतले तर? एफ-२.८ वर तोच हिशेब एका सेकंदाच्या तिसाव्या भागावर येतो. नाक मग साडेचार सेंटिमीटरच सरकते. चेहरा अजून पुसटच, पण मोठी पाटी असली तर संवेदनशीलता आणखी चौपट वाढवून काम भागवता येते. खरे रात्रीचे, दूरचे छायाचित्रण याच वाटेने होते. मात्र ४०० मिलिमीटरचे एफ-२.८ भिंग म्हणजे चौदा सेंटिमीटर रुंदीची काच, तीन किलोच्या आतबाहेर वजन आणि दहा लाखांच्या वर किंमत. खेळांच्या सामन्यांचे फोटो काढणाऱ्यांना ती परवडते. पेट्रोलच्या चोरीसाठी ती घेतली तर त्या भिंगावरच पहारा बसवावा लागेल.

काचेच्या औदार्याची कमाल पाहायची तर स्टॅन्ली कुब्रिकचा १९७५ चा ‘बॅरी लिंडन’ आठवावा. मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग त्याने त्याच उजेडात टिपले, त्यासाठी नासाकरिता बनवलेली झाइसची ५० मिलिमीटरची एफ-०.७ भिंगे मिळवली. पण अशा भिंगाची नजर इतकी पातळ असते की, नट थोडा पुढे झुकला की अस्पष्ट झाला. म्हणून ती माणसे मेजाभोवती जागच्या जागी बसून राहतात. चोराला असे बसवून ठेवणे अवघड.

तेव्हा आधी ठरवायचे ते हे की, आपल्याला कळून घ्यायचे काय? आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या २०१४ सालच्या मानकात याची सुंदर उतरंड आहे. समोरच्या एका मीटरला चित्रातले २५ ठिपके मिळाले, तर ‘कोणीतरी आहे’ एवढे कळते. ६२ मिळाले तर तो काय करतो आहे ते. १२५ ला ‘हा आपल्या ओळखीचा’ असे म्हणता येते. आणि अनोळखी माणसाबद्दल ‘तो हाच’ असे निःशंक म्हणायला २५० लागतात. घरोघरी लावतात तो कॅमेरा घ्या: आडवे २५६० ठिपके, चार मिलिमीटरचे भिंग. साठ मीटरवर त्याला बहात्तर मीटर रुंदीचे दृश्य दिसते, म्हणजे मीटरला पस्तीस ठिपके. चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम सहा. भाषेच्या माणसाला हे चांगले समजते: सहा अक्षरांवरून कवी ओळखायला सांगितला, तर प्रत्येकजण आपल्या नावडत्या कवीचे नाव घेईल. तोच कॅमेरा साडेआठ मीटरपर्यंत मात्र २५० ठिपके देतो.

“मग संगणकाकडून फोटो स्वच्छ करून घेऊ,” अशी सूचना आली. हल्ली ती येतेच. पण संगणक पुसलेले परत आणीत नाही, पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून बेताचा एक चेहरा रचतो. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या अशा एका कार्यक्रमाला कोणी बराक ओबामांचा पुसट फोटो दिला, तर त्याने एका गोऱ्या गृहस्थाचा चेहरा काढून दिला. आमच्या सभेने जे केले तेच यंत्राने केले, फक्त वेगळ्या देशात. करमणुकीच्या फोटोंना हे चालेल. ज्या फोटोवरून कोणाची नोकरी जाणार, त्याला हा हात लावू देऊ नये.

जंगलातल्या लोकांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. उत्तरेतल्या जंगलखात्यातले एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२० च्या दशकात वाघाच्या वाटेवर तार ताणली. वाघाचा पाय लागला की लखकन उजेड पडे आणि वाघ स्वतःच आपला फोटो काढून घेई. पुढे २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे बसले आणि त्यांनी सुमारे साडेतीन कोटी फोटो काढले. त्यांतले वाघांचे ७६,६५१, पण ते असे की पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखावा. यात दुरून बघणे नाहीच. वाघ कुठून जातो ते आधी शोधायचे आणि कॅमेरा तिथे नेऊन ठेवायचा.

आमच्या आवाराला मागचे फाटक एकच. नानांच्या मते प्रश्न तिथेच सुटला होता. कॅमेरा फाटकापासून सात मीटरवर आणि माणसाच्या डोक्याच्या थोडा वर. फार उंच लावला की नुसत्या टोप्यांचा संग्रह होतो. साठ मीटरवरूनच पाहायचे असते, तर अठ्ठावीस मिलिमीटरचे भिंग घ्यावे लागते आणि त्यातून दिसते दहा मीटरच. म्हणजे पुन्हा फाटकच. अवरक्त दिव्यांवर मी थोडा अडलो होतो, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत ही कल्पना मोठी गमतीची आहे. पण अंतर दुप्पट झाले की त्यांचा उजेड चौथाईवर येतो, चित्र कृष्णधवल होते, आणि पुष्कळसे काळे कपडे त्या प्रकाशात चक्क पांढुरके दिसतात. साक्षीदार म्हणणार काळा शर्ट, चित्र म्हणणार पांढरा. आम्ही फाटकावर साधा, भरपूर उजेडाचा दिवा लावला. तो सगळ्यांत स्वस्त पडला.

एक गोष्ट आमच्या सौ.नी लक्षात आणून दिली. गच्चीवरच्या त्या झूमच्या वाटेत समोरच्या वाड्याच्या दोन गॅलऱ्या येत होत्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ सालीच सांगितले आहे, पण त्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या कपड्यांआड बसून केस विंचरणाऱ्या बाईला न्यायालयात जायला लावण्याची गरज नसावी. नव्या कॅमेऱ्यात चित्राचा नको तो भाग झाकून टाकण्याची सोय असते. ती आम्ही वापरली आणि समोरच्यांना बोलावून पडद्यावर दाखवलीही.

खरेदी पक्की करण्याआधी परीक्षा घ्यावी, पण दुकानात नव्हे; दुकानात शंभर दिवे असतात. ज्या जागी, ज्या वेळी पाहायचे तिथेच घ्यावी, आणि चालणारा कोण हे फोटो पाहणाऱ्यांना सांगू नये. आम्ही दोन्ही कॅमेऱ्यांची घेतली. फाटकावरच्या चित्रात सेक्रेटरी त्यांच्या सदऱ्याच्या तुटलेल्या बटनासकट दिसले. गच्चीवरून काढलेला त्यांचाच फोटो सभासदांपुढे ठेवला, तर दोघांनी पेपरवाल्या पोऱ्याचे नाव घेतले आणि एकाने ‘कळत नाही’ म्हटले. ठराव मांडणारे सभासद बराच वेळ फोटो डोळ्यांजवळ धरून बसले होते. मग त्यांनी तो नानांकडे परत दिला आणि वॉचमनचा विषय कार्यपत्रिकेवरून काढून घ्यायला सांगितले.