बफ मारण्याआधी बंदूक वाचा

खंडेनवमी जवळ आली की जुन्या वाड्यांतल्या माळ्यांवरून बंदुका खाली उतरतात आणि त्यांतल्या काही थेट बफिंगवाल्याकडे जातात. पूजेला शस्त्र स्वच्छ हवं, हे मला मान्य आहे. पण दीडशे वर्षांच्या रायफलीवर फिरतं चाक धरायचं आणि वर निकेल चढवून आणायचं, याला स्वच्छता म्हणत नाहीत. ही नासधूस आहे. करणारा श्रद्धेने करतो म्हणून तिचं नाव बदलत नाही.

१८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड घ्या. ठासणीची, ३९ इंची नळीची. ती मुळात झगझगीत नव्हतीच. नळीला काळपट निळी झाक, घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर ती कडक करताना उमटलेल्या करड्या छटा, चापाचं कडं आणि दस्त्याच्या टोकाची पट्टी पितळेची. लोखंडी पट्टीवर राजमुकुट, बऱ्याचदा ‘टॉवर’ ही अक्षरं आणि साल. नळीच्या मागच्या टोकाशी चाचणीचे ठसे. बंदूक कुठली, कधीची, याचा तिच्याजवळ एवढाच पुरावा असतो. चाकाखाली सगळ्यात आधी तोच जातो.

मला दाखवायला आणलेल्या अशा एका एनफिल्डवर १८५८ हे साल तिरप्या उजेडात कसंबसं वाचता आलं. स्क्रूंच्या खाचांच्या कडा झिजून गोल झालेल्या, भोकांभोवतीचं लोखंड बशीसारखं खोलगट. भिंग लावलं तेव्हा गंजाने पडलेल्या खड्ड्यांच्या तळाशीही पांढरा मुलामा दिसला. म्हणजे आधी गंज आणि मग मुलामा. विकणारा मात्र ‘कंपनीचं ओरिजिनल निकेल’ म्हणून शपथा घेत होता. निकेलच्या मुलाम्याचा धंदा उभा राहिला तो अमेरिकेत आयझॅक अॅडम्सने १८६९ साली पेटंट घेतल्यानंतर. १८५८ च्या पट्टीवरचं निकेल मागाहूनच चढवलेलं असतं. ते मूळचं म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि ती राजरोस चालते.

मुलामा ओळखणं फार अवघड नाही. बंदूक दिवसाच्या उजेडात धरा. निकेलच्या पांढऱ्यात पिवळसर छटा असते; जुनं झालं की ते धुरकटतं, पण काळं पडत नाही. काळी पडते ती चांदी. निळसर, थंड चकाकी दिसली तर ते क्रोम, आणि क्रोमचा मुलामा बाजारात आला १९२० च्या दशकात. लोहचुंबक लावून निवाडा देणाऱ्याचं ऐकू नका. खाली लोखंड आहे, चुंबक चिकटणारच.

आता देखभाल. हात लावण्याआधी नळी रिकामी आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. ठासणीच्या बंदुकांत भरलेला बार तसाच राहिलेला सापडतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. चिंच, लिंबू, पितळ उजळायचे द्रव, काथ्या, पॉलिशपेपर यांतलं काहीही वापरू नका. निकेलखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो. अमोनिया असलेला द्रव भेगेतून शिरून ते तांबं खातो आणि वरचं निकेल पापुद्रे सुटून निघतं. आम्लाने कमानीचं पोलाद ठिसूळ होतं आणि घोडा चढवताना कमान तुटते. तोड्याच्या बंदुकीवर कोफ्तगरी असेल तर आणखी जपा. बारीक रेघा ओढून खरबरीत केलेल्या लोखंडावर सोनं नुसतं ठोकून बसवलेलं असतं. चाक लागलं की ते गेलंच.

हातात सुती मोजे घाला, कारण घामातलं मीठ गंजाला बोलावतं. मऊ सुती कापड आणि शिलाई मशीनचं तेल एवढं पुरतं. गंजाच्या ठिपक्यावर तेल काही दिवस मुरू द्या आणि बांबूच्या काडीने हळूच उचला. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. ओलं हळदकुंकू धातूवर लावू नका, पुढ्यात ठेवा. चामड्याच्या गवसणीत बंदूक कधीच ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याचा परिणाम चार महिन्यांत दिसतो.

उडालेला मुलामा पुन्हा चढवू नका आणि उरलेला खरवडूही नका. शंभर वर्षांपूर्वी कुणी हौसेने किंवा मिरवणुकीसाठी निकेल चढवलं असेल, तर आता तेही त्या बंदुकीच्या आयुष्यातच जमा आहे.

आणि विकत घेणाऱ्यांनो, तुम्ही चकाकीला जास्त पैसे मोजता म्हणून हा उद्योग चालतो. जाताना भिंग घेऊन जा. ठसे वाचता येत नसतील तर किंमत न विचारता परत फिरा.