घरी बसलेले मत कोणाला जाते?



निवडणूक आली की आपल्या अमळनेरात ठरलेल्या गप्पा सुरू होतात. तिकीट कोणाला, कोण कोणाच्या पाठीशी, पाडळसरे धरण यंदा तरी पुढे सरकणार का. बायकांत नळाचे पाणी आणि तुंबलेल्या गटारी. या सगळ्यात आपण एक माणूस निवडतो आणि पाच वर्षे त्याच्यावर सोपवून मोकळ्या होतो. माणसाला नव्हे, थेट एखाद्या प्रश्नालाच 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे, असे मतदान आपल्याकडे नसतेच असे पुष्कळ जणींना वाटते. असते. महाराष्ट्रात तसे एक मतदान आहे, त्यात बायकांच्या शब्दाला वेगळी किंमत आहे, आणि त्याचा हिशेब असा आहे की घरी बसून राहिलेल्या बाईचे मतही त्यात एका बाजूला पडते. म्हणून हा लेख.

आधी थोडे लांबचे सांगते. माझ्या नणंदेची मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिकडे राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मध्यावर जी निवडणूक येते तिला मध्यावधी म्हणतात. आपल्याकडे सरकार पडले की मध्यावधी होते, त्यांच्याकडे ती ठरल्या वेळी होतेच. त्या दिवशी उमेदवारांबरोबर राज्याचे काही प्रश्नही मतपत्रिकेवर छापलेले असतात. ६ नोव्हेंबर २०१८ च्या मध्यावधीत कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर बारा क्रमांकाचा प्रस्ताव होता. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या, वासरे आणि पिलांसाठी ठेवलेल्या डुकरिणी यांना किमान किती जागा द्यायची, आणि तेवढी जागा न देता तयार केलेला माल राज्यात विकू द्यायचा की नाही, हा प्रश्न लोकांना विचारला होता. शंभरातल्या सुमारे त्रेसष्ट मतदारांनी प्राण्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे २०२३ मध्ये तो कायदा तिथेही टिकला. त्या मतदारांत जैन किती असणार? मूठभर. मांस-अंडी खाणाऱ्या लोकांनीच मुक्या जीवाला हलायला जागा दिली. आपल्या दृष्टीने ही पूर्ण जीवदया नाही, पण एका दिवसाच्या मतदानाने लाखो जीवांचा त्रास कमी होऊ शकतो, हे त्यातून कळते.

आपल्या शेजारीही असे एकदा घडले. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तिथल्या लोकांचा कौल घेतला गेला. विलीनीकरणाला फूल, वेगळे राहायला दोन पाने. सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३ लाख १७ हजारांहून अधिक लोक मतदानाला आले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. गोवा वेगळा राहिला. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे मला ते लागणार आहेत.

आता आपले मतदान. वर्तमानपत्रात 'उभी बाटली, आडवी बाटली' असे शब्द तुम्ही वाचले असतील. प्रभागातले किंवा गावातले परवानाधारक दारूचे दुकान बंद करायचे असेल तर त्याची रीत सरकारच्या २००८ च्या आदेशात दिली आहे. तिथल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के लोकांनी सह्यांनिशी मागणी करायची. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो. मग गुप्त मतदान होते. दुकान राहू द्यायचे असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचे असेल तर आडव्या बाटलीवर.

मी प्रताप कॉलेजची बी.कॉम., त्यामुळे माझी नजर पुढच्या अटीवर अडकते. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते हवीत. निम्मी कशाची? पडलेल्या मतांची नाही, यादीत नाव असलेल्या मतदारांची.

उदाहरण घेऊ. समजा एका प्रभागात १,२०० महिला मतदार आहेत. मागणीसाठी ३०० सह्या लागतील. मतदानाच्या दिवशी ७०० बायका आल्या. त्यातल्या ५९० जणींनी बाटली आडवी केली आणि ११० जणींनी उभी ठेवली. आलेल्यांपैकी शंभरात चौऱ्याऐंशी जणींना दुकान नको आहे. तरी दुकान चालूच राहते, कारण हव्या होत्या किमान ६०१. ज्या ५०० जणी घरी राहिल्या, त्यांना बाटली आवडते असे कोणी म्हणणार नाही. पण हिशेबात त्या उभ्या बाटलीच्या रांगेत उभ्या राहिल्या.

आता गोव्याचे आकडे काढा. दोन पानांना मिळालेली मते एकूण मतदारयादीच्या ४४ टक्के भरतात. म्हणजे हा बाटलीचा नियम तिथे लावला असता, तर जिंकलेली बाजूही जिंकली नसती. एका प्रदेशाचे भवितव्य ठरवायला पडलेली मते मोजली, आणि कोपऱ्यावरचे दुकान हलवायला सगळी यादी मोजायची. नगरसेवक निवडतानाही अशी अट नसते. परवाना घेऊन चालणारा धंदा दहा-वीस लोकांच्या रागावर बंद होऊ नये, हे मला मान्य आहे. आपण व्यापारी घरातल्या, धंदा उभा करायला काय लागते ते जाणतो. त्यासाठी किमान इतके मतदान झालेच पाहिजे अशी अट घालता येईल. पण न आलेल्या माणसाचे मत एका बाजूला धरणे मला न्यायाचे वाटत नाही.

या हिशेबात आणखी एक खोच आहे, आणि ती खास बायकांची आहे. यादीत नावे कोणाची असतात? लग्न होऊन सुरतेला गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत तसेच असते. चार वर्षांपूर्वी आलेल्या सुनेचे नाव इथे चढलेले नसते. सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली, फोटोला हार चढला, पण यादीत त्या आहेतच. आमदारकीच्या निवडणुकीत अशा नावांनी फार बिघडत नाही. बाटलीच्या मतदानात मात्र अशा प्रत्येक नावामुळे लागणारा आकडा वर जातो. जन्मभर रात्रिभोजनत्याग पाळलेल्या सासूबाईंचे नाव गेल्यावर उभ्या बाटलीच्या उपयोगी पडावे, हे कोणत्या सुनेला रुचेल?

आता खरा मुद्दा. आपल्यापैकी बहुतेकींचे म्हणणे असते, 'आपल्या घरात कोणी घेत नाही, मग कशाला त्यात पडायचे?' माझ्याकडे धुणीभांडी करणारी बाई एकदा मला म्हणाली होती, "काकू, तुमना घरमा कोनी पेत नही, तुमले काय समजी!" तिचे बरोबर आहे. तिच्या नवऱ्याची मजुरी संध्याकाळी कुठे थांबते ते तिला ठाऊक, मला फक्त ऐकून माहीत. पण म्हणूनच ते मत देणे माझ्यासाठी सोपे आणि तिच्यासाठी अवघड आहे. मतदान गुप्त असते, पण त्याआधीची सही उघड असते. सही केली म्हणून घरी मार खायची वेळ तिच्यावर येऊ शकते, माझ्यावर नाही. ज्या घरात दारू आहे तिथल्या बाईच्या मागे भीती असते. ज्या घरात नाही तिथल्या बाईच्या मागे फक्त आळस आणि 'लोक काय म्हणतील' एवढेच असते.

आपल्या धर्मात सप्त व्यसनांत मद्य आहे, आणि ते आपण पाळतो. पण पाप तीन वाटांनी लागते हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि कोणी करत असेल त्याला अनुमोदन देणे. कोणी म्हणेल, श्रावकाच्या व्रतांत बहुधा पहिल्या दोहोंचाच त्याग असतो, अनुमोदनाचाही पूर्ण त्याग साधू-साध्वींसाठी. खरे आहे. संसारी माणसाला चारी बाजूंनी जग लागलेले असते, प्रत्येक अनुमोदन त्याला टाळता येत नाही, म्हणून ती सवलत. पण जे अर्ध्या तासात टाळता येते त्यालाही ती सवलत लावायची का? शाळेच्या खोलीत जाऊन एक शिक्का मारायचा आहे. तेवढे न केल्याने आपले मत दुकानाच्या खात्यावर जमा होत असेल, तर त्याला निव्वळ तटस्थपणा म्हणता येणार नाही.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. दुकान बंद झाले तर पिणारा पुढच्या प्रभागात जाईल किंवा चोरून आणेल. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये सरकारने दारूबंदी केली आणि २०२१ मध्ये सरकारनेच ती उठवली. अवैध दारू वाढली हे कारण तेव्हा दिले गेले. मी आडव्या बाटलीकडून व्यसनमुक्तीची अपेक्षा करत नाही. व्यसन सुटायला उपचार लागतो, घरच्यांचा धीर लागतो. प्रभागातले दुकान बंद झाल्याने एवढेच होते की शाळेच्या वाटेवर, भाजीबाजाराच्या तोंडाशी ते दुकान राहत नाही, आणि मजुरी घेऊन निघालेल्या माणसाला घरापर्यंत पोचताना एक मोह कमी लागतो. एखाद्या घरात त्या आठवड्याचा किराणा येतो. ते मला पुरेसे आहे.

म्हणून सांगते, वेळ येईल तेव्हा बघू असे म्हणू नका. तुमच्या बूथचा बीएलओ कोण आहे ते विचारा. सुनेच्या नावासाठी नमुना ६ भरा, ती आधीच्या गावी मतदार असेल तर पत्ता बदलायला नमुना ८, आणि घरातले गेलेले माणूस यादीत असेल तर नाव कमी करायला नमुना ७. लग्न झालेल्या लेकीला तिच्या सासरी हेच करायला सांगा. तुमच्या प्रभागात दुकानाविरुद्ध सह्या गोळा करायला कोणी आले, तर त्या दिवशीचा नियम उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून घ्या आणि मग पहिल्या पानावर सही करा, शेवटच्या नाही. आपली सही आधी दिसली की कामवाल्या बायकांना धीर येतो.

चातुर्मासात आपण एकमेकींना विचारतो, या वर्षी कोणता नियम घेतलास? या वर्षी कोणी यादीतली घरची नावे तपासण्याचा नियम घेतला, तर मला जरूर कळवा.