दात झिजलेलं यंत्र

आमच्या गिरगावच्या गल्लीत रोज सकाळी कचऱ्याची गाडी येते. मागचा जबडा उघडतो, आतली लोखंडी फळी कचरा दाबत आत ढकलते आणि गाडी पुढे निघून जाते. वाडीतली मुलं तिला 'कॉम्पॅक्टर' म्हणतात. कचरा दाबण्याचं काम तिथेच संपतं, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. डम्पिंग ग्राउंडवर याहून कितीतरी मोठं आणि वेगळ्याच जातीचं यंत्र लागतं, हे मला कळलं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून.

हा विद्यार्थी परळचा. गणितात काठावर पास, पण नववीत असताना शाळेची बंद पडलेली विजेची घंटा त्यानेच दुरुस्त केली होती. आज तो अवजड यंत्रांचा मेकॅनिक आहे. गणपतीत लालबागला आला की माझ्याकडे चक्कर टाकतोच. मागच्या गणपतीत चहा पिता पिता म्हणाला, "बाई, एक मशीन बघून आलो. घेऊन दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत, पण दात पार गुळगुळीत!" कुठल्या गावचं यंत्र आणि कुणाचं, ते इथे लिहीत नाही. मुंबईबाहेरचं होतं एवढंच सांगते.

"अरे, यंत्राला दात कसले?" मी विचारलं.

मग त्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्र काढून दाखवलं. या यंत्राला रबरी टायर नसतात. चार अजस्र पोलादी चाकं असतात आणि त्यांच्यावर ओळीने पोलादी दात. पुढे कचरा पसरायला एक पातं. मोठ्या यंत्राचं वजन पन्नास टनांच्या वर जातं. कचरा हात-दोन हात जाडीच्या थरात पसरायचा आणि त्यावरून यंत्र तीन-चारदा फिरवायचं. दात कचऱ्यात घुसतात, त्याचे तुकडे करतात, मधली हवा बाहेर काढतात. बुलडोझरने हे होत नाही. त्याचा पट्टा रुंद असल्यामुळे वजन पसरलं जातं. तो चिखलात रुतत नाही खरा, पण त्याच कारणाने कचरा नीट दाबतही नाही. दात झिजले की पन्नास टनांचं यंत्र म्हणजे रस्त्यावरचा रोलर. वरवर सपाट दिसतं, आत सगळं पोकळ!

मला एकदम आईची लोणच्याची बरणी आठवली. कैरीच्या फोडी ती हाताने दाबून दाबून भरायची आणि वर तेलाचा थर द्यायची. "मध्ये हवा राहिली की लोणचं गेलं," म्हणायची. डम्पिंग ग्राउंडचं शास्त्रही तेच. दाबायचं आणि वर मातीचा थर द्यायचा. फरक इतकाच, की लोणचं बिघडलं तर बुरशी येते आणि कचरा बिघडला तर आग लागते. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, पोकळीतून हवा आत शिरते, आणि एकदा आत धुमसायला लागलं की वरून कितीही पाणी मारा, आग विझता विझत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये देवनारला काय झालं ते आपण पाहिलं आहे. तो धूर अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांतसुद्धा दिसला. महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. माझी धाकटी बहीण चेंबूरला राहते, तिला दम्याचा त्रास. त्या आठवड्यात ती खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून बसली होती. मी म्हटलं, "इकडे गिरगावात ये." तर फोनवर म्हणाली, "ताई, मी येईन गं. पण गोवंडीतल्या पोरांनी कुठे जायचं?" मला उत्तर सुचलं नाही. पुढे मार्चमध्ये तिथे पुन्हा आग लागली.

तो कचरा होता कुणाचा? आपला! १८९६ च्या प्लेगनंतर शहराचा कचरा लांब नेऊन टाकायची घाई झाली आणि महालक्ष्मीहून कचऱ्याच्या आगगाड्या चेंबूरच्या दलदलीकडे जाऊ लागल्या. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग मुळात याच गाड्यांसाठी टाकला होता, प्रवाशांसाठी तो १९२४ मध्ये खुला झाला. म्हणजे गिरगाव, दादर, परळची घाण पूर्वेला पाठवण्याचा आपला परिपाठ शंभर वर्षांहून जुना आहे. डोळ्यांआड झालं की आपल्या लेखी ते संपलं.

आता मात्र 'लांब' अशी जागाच उरलेली नाही. गोराई केव्हाच बंद झालं, मुलुंड २०१८ मध्ये बंद झालं. कांजूरमार्गची जागा संरक्षित वन असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. देवनारचा सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी २०२५ मध्येच दोन हजार कोटींहून मोठी निविदा निघाली. जागा इतकी महाग झाल्यावर दाबण्याची किंमत कळते. साधं त्रैराशिक मांडा. एका घनमीटरमध्ये ६०० किलो कचरा बसला, तर ६०० टनांना १००० घनमीटर जागा लागेल. तोच दाबून ९०० किलो बसवला, तर सुमारे ६६७ घनमीटर. एक तृतीयांश जागा वाचली!

हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. २००० सालच्या घनकचरा नियमांत आणि नंतरच्या २०१६ च्या नियमांतही लिहिलेलं होतं, की कचरा पातळ थरांत जड यंत्रांनी दाबावा, रोज काम संपल्यावर त्यावर किमान १० सेंटिमीटर माती किंवा राडारोड्याचा थर द्यावा आणि पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरचा थर द्यावा. पण याच नियमांत आणखी एक वाक्य आहे. जिथे पाऊस जास्त असल्यामुळे जड यंत्रं वापरता येत नाहीत, तिथे पर्यायी उपाय करावेत.

वाचकहो, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आणि खाडीकाठच्या दलदलीत कचरा टाकणाऱ्या मुंबईचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. कारण 'पर्यायी उपाय' म्हणजे काय, ते जूनमध्ये यंत्र रुतल्यावर ठरवायचं नसतं.

यावर मी आणि माझा विद्यार्थी बराच वेळ बोललो. मतं माझी, माहिती त्याची.

पहिलं म्हणजे, यंत्र कॅटलॉग बघून घेऊ नये, आपला कचरा आणि आपला पाऊस बघून घ्यावं. परदेशात कोरडा कचरा जास्त, खोकी आणि पुठ्ठे जास्त. आपल्याकडे भाजीची देठं, शिळं अन्न, शहाळी. असा ओला कचरा मुळातच जड आणि निसरडा असतो, त्यात सर्वांत वजनदार यंत्र घातलं तर ते रुतून बसायचं. पसरायला पट्ट्याचा डोझर आणि दाबायला बेताच्या वजनाचं दातेरी यंत्र, अशी जोडी हवी. शिवाय पावसाळ्यात उभं राहायला राडारोडा घालून पक्की केलेली जागा एप्रिल-मेमध्येच तयार हवी.

दुसरं, यंत्राच्या किमतीतच त्याच्या देखभालीची किंमत धरावी. दातांचा दुसरा संच, गाळण्या, तेल आणि मुख्य म्हणजे रोजची साफसफाई. विद्यार्थी सांगत होता, कचऱ्यातल्या साड्या, दोऱ्या आणि तारा चाकांच्या आसावर गुंडाळल्या जातात आणि आतलं सील कापतात. रेडिएटरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटल्या की इंजिन तापतं. तापलेल्या इंजिनाखाली कागद-चिंध्या साठल्या, तर यंत्रच पेट घेतं. पाळी संपल्यावर अर्धा-पाऊण तास हे सगळं काढावं लागतं. "पण बाई, तो अर्धा तास कोणी धरतच नाही. ड्रायव्हरला म्हणतात, मशीन उभं का?"

तिसरं, पैसे कशाचे द्यायचे? वजनकाट्यावर आलेल्या टनांचे किंवा यंत्र चाललेल्या तासांचे दिले, तर नीट दाबण्यात कुणाचाच फायदा नाही. मी जन्मभर पेपर तपासले. मुलगा परीक्षेला तीन तास बसला म्हणून कधी मार्क दिले नाहीत! दर महिन्याला ढिगाची मोजणी करावी. काट्यावर किती टन आले आणि जागा किती घनमीटर भरली, याचा भागाकार केला की दाबणं खरं की खोटं ते कळतं. पैसे त्या भागाकारावर द्यावेत आणि तो आकडा फलकावर लिहावा.

कुणी म्हणेल, "बाई, कचरा दाबता कसला? कमी करा की!" अगदी मान्य. ओल्या कचऱ्याचं खत व्हावं, सुका वेगळा निघावा, दाबणं हा शेवटचा उपाय. पण या शहरात रोज हजारो टन कचरा निघतो, तो उद्या सकाळी शून्यावर येणार नाही. उरेल तो नीट दाबलाच पाहिजे. आणि ही दोन कामं वेगळी नाहीतच. ओला कचरा घरात वेगळा केला तर यंत्र रुतणार नाही. जुनी साडी कचऱ्यात टाकली नाही, तर ती त्या आसावर गुंडाळली जाणार नाही. यंत्राची निम्मी देखभाल आपल्या स्वयंपाकघरात होते.

माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात फिटर होते. खंडेनवमीला साच्यांना झेंडूचे हार घातले जायचे, पेढे वाटले जायचे. लहानपणी मला वाटायचं, सण म्हणजे ते हार. वडील म्हणायचे, "हार शेवटी गं. आधी साचा उघडून, पुसून, तेल घालून घ्यायचा, तीच पूजा." आज नव्या यंत्राला हार घालतानाचे फोटो पेपरात छापून येतात. त्याच यंत्राचे दात बदलल्याचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

असो. विद्यार्थी निघताना मी विचारलं, त्या यंत्राचं पुढे काय झालं? म्हणाला, "दातांची मागणी लिहून दिलीय, बाई. फाइल फिरतेय." फाइल फिरत राहील. कचरा तर दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन पडला असेल.

तुमच्या गावचा कचरा कुठे जातो आणि तिथे तो कोण दाबतं, हे एकदा विचारून बघा. आणि मला जरूर कळवा.